फरशीतल्या ‘नाण्यां’बद्दल खुलासा

मुंबईतल्या एका जुन्या इमारतीच्या चुनखडी फरशीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यातल्या नाण्यांसारख्या चकत्या क्रेटेशियस काळातले फोरामिनिफेरा (कवच असलेले एकपेशीय समुद्री जीव) आहेत आणि डायनासोरांच्या काळी मुंबई समुद्राखाली होती याचा हा पुरावा आहे, असं सोबत लिहिलंय.

चकत्या फोरामिनिफेराच्याच आहेत, एवढं खरं. काळ मात्र चुकलाय. फोटो मोठा करून बरोबर मधून कापली गेलेली चकती पाहा. केंद्रापासून वेटोळं घेत जाणारी कप्प्यांची रांग आणि त्यातले आडवे पडदे स्पष्ट दिसतात. हा न्युम्युलाइट्स नावाचा फोरामिनिफेरा. क्रेटेशियस काळ 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपला. न्युम्युलाइट्स त्यानंतरचा, आणि इओसीन काळात (सुमारे 5.6 ते 3.4 कोटी वर्षांपूर्वी) तो भरभराटला. गिझाच्या पिरॅमिडांच्या दगडातही तोच आहे.

गोंधळ होणं स्वाभाविक आहे, कारण क्रेटेशियसच्या अखेरीस ऑर्बिटॉइड्स नावाच्या अशाच चकत्या होत्या. पण त्यांच्यात वेटोळं नसतं. मधल्या थरात कमानदार कप्पे आणि वर-खाली बारीक कप्प्यांचे थर असतात. म्हणून नुसत्या बाह्य आकारावर नाव ठरवत नाहीत. दगड घासून सुमारे 0.03 मिलिमीटर जाडीचा काप करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतली रचना पाहतात.

शिवाय ही फरशी बाहेरून आणलेली. मुंबईचा स्वतःचा कातळ मुख्यतः लाव्हाचा आहे, आणि वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेले जीवाश्म गोड्या पाण्यातल्या बेडकांचे आणि कासवांचे आहेत.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. शाळांच्या ग्रुपवर पाठवला असेल, तर तिथे आधी ही दुरुस्ती टाका.