जावयाचा चोर

जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याने वाकून नमस्कार केला, पोहे दोनदा मागून घेतले आणि मग कौतुकाने सांगितलं, की आपला मूळपुरुष बहुधा चोर होता. आमच्या हिचा डाव पोह्यांच्या कढईतच थांबला. मुलगी घाईघाईने म्हणाली, "आई, ऑस्ट्रेलियात हे चांगलं समजतात."

खरंच समजतात. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत विलायत सरकारने सुमारे १ लाख ६२ हजार कैदी तिकडे धाडले. घराण्यात असा कैदी निघणं ही पूर्वी दडवायची गोष्ट होती. आता मात्र आपल्याकडे 'आमचे पूर्वज पानिपतावर पडले' हे ज्या थाटात सांगतात, त्याच थाटात तिकडे 'आमचे पूर्वज मेंढी चोरताना सापडले' असं सांगतात.

लग्नानंतर आम्ही सहा महिने मेलबर्नला राहायला गेलो आणि जावयाने हा चोर माझ्या गळ्यात बांधला. माझी नोकरी भूमी अभिलेखच्या रेकॉर्डरूममध्ये गेली. रुमालात बांधलेली मोडीची दप्तरं सोडणाऱ्या माणसाला विल्यम नावाचा एक इंग्रज सापडू नये? फेरफार नोंदीतून सात पिढ्यांचे वारस काढलेत मी! (वारसांनी नंतर एकमेकांची डोकी फोडली, ते सोडा.)

घोडं अडलं नावावर. जावयाचं आडनाव सांगत नाही, पण ते तिकडचं कुलकर्णी आहे. त्यात हे लोक थोरल्याला आजोबांचं नाव ठेवणार. त्यामुळे विल्यमचा मुलगा जॉन, जॉनचा विल्यम, आणि शेजारच्या गल्लीत आणखी एक विल्यम, ज्याच्या बायकोचंही नाव मेरीच. इंग्लंडात जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ला. आमचा विल्यम त्याआधीच बोटीत बसून टास्मानियात उतरलेला. म्हणजे आता आधार फक्त चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरांचा.

अक्षर म्हणाल तर मोडी परवडली. कारकून एकदा टाक टेकवला की ओळ संपेपर्यंत उचलायचा नाही. लागोपाठ दोन 'एस' आले तर पहिला असा लांब ओढायचा की तो 'एफ' दिसतो. विल्यमला 'जेफसी' नावाची तुर्की बायको होती असं मी दोन दिवस धरून चाललो होतो. ती जेसी निघाली, आणि तीही दुसऱ्याच विल्यमची.

कोणकोण विल्यम इंग्लंडातच बसून राहिले ते वगळायला १८४१ची शिरगणती उघडली. त्या वर्षी पंधराच्या वरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची, अशी सूचना होती. चोपन्नचा माणूस पन्नासचा, एकोणचाळीसची बाई पस्तिशीची. माझ्या डोक्याचा भुगा झाला, पण ही म्हणाली, "किती समजूतदार सरकार!"

आणि एका रात्री सापडला. टास्मानियात कैद्यांची दप्तरं इतकी जपून ठेवलीत, की आपल्या तहसीलने पाय धुऊन पाणी प्यावं. उंची पाच फूट तीन इंच, चेहऱ्यावर देवीचे व्रण, डाव्या दंडावर गोंदलेला नांगर. गुन्हा: दोन घोंगड्या चोरल्या. शिक्षा: सात वर्षं, समुद्रापार. खाली वेळोवेळची वागणूक: दारू पिऊन पडला, उद्धट बोलला, पुन्हा दारू पिऊन पडला. माझ्या गोपनीय अहवालातसुद्धा साहेबांनी इतकं मन लावून लिहिलं नव्हतं.

जावयाने ऑफिसात केक कापला. दंडावर नांगर गोंदवून घेण्याची भाषा सुरू झाली. तेवढ्यात मी पान उलटलं, तर हा विल्यम १८३३ साली अविवाहित वारलेला. आणि जावयाच्या घराण्याचा पुढचा जॉन १८३५चा.

खऱ्या विल्यमची नोंद त्याच जॉनच्या बाप्तिस्म्यात निघाली. बापाचा धंदा या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं: कॉन्स्टेबल.

जावई दोन दिवस जेवला नाही नीट. "पोलीस?" असं घरात सुतक असल्यासारखं म्हणायचा. ही उलट खूश. "चला, घराणं चांगलं निघालं," म्हणत तिने शिरा केला. तो घास पोराच्या घशाखाली उतरेना. मला बघवेना, म्हणून रात्री दोनपर्यंत बसलो आणि अखेर हाती लागलं: १८२४ ते १८३६ या काळात तिथे जॉर्ज आर्थर नावाचा गव्हर्नर होता. त्याने त्या बेटावरच्या पोलिसांत भरती केली ती मुख्यतः कैद्यांतूनच. चोराला पकडायला चोर!

रात्रीच जावयाला उठवलं. त्याने मला मिठी मारली. आतून हिचा आवाज, "म्हणजे परत चोरच ना?"

अजून कैद्यांच्या यादीत आपला विल्यम कोणता ते ठरायचंय. एकोणीस उमेदवार आहेत. पण दुसऱ्या दिवशी जावयाने सहज विचारलं, "बाबा, तुमच्याकडे कोणी?" मी अभिमानाने कुलवृत्तांत काढला. सव्वाचारशे पानं, सगळे सत्शील, परोपकारी आणि बहुतेक शीघ्रकोपी. मुलगी वाचून सांगत होती. एका चुलतपणजोबांपाशी ती थांबली: "हे तरुणपणीच घर सोडून परागंदा झाले. पुढील माहिती उपलब्ध नाही."

जावयाचे डोळे विल्यम सापडला त्या रात्रीसारखे चमकले. "का सोडलं घर?"

संध्याकाळी कुलवृत्तांत जागेवर नव्हता. शोधता शोधता सापडला तो हिच्या बॅगेत, तळाशी, दोन पैठण्यांच्या खाली.