लटकलेलं काही नको

मेव्हण्याने घरदुरुस्तीची कामं घ्यायला सुरुवात केली आणि पहिला फोन मला आला. "दाजी, तुमचा हात चांगलाय. एक लोगो मारून द्या की."

माझा हात चांगला असल्याचा समज त्याच्या लग्नपत्रिकेवर मी गणपती काढून दिला तेव्हाचा. तो गणपती मी कोरलड्रॉच्या क्लिपआर्टमधून उचलला होता, पण आता कोण सांगतंय!

पैशांचा विषय मीच आडून काढला. म्हटलं, "नायकेची ती बरोबरची खूण आहे ना, १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने काढली. तिलासुद्धा ३५ डॉलर मिळाले होते."

"म्हणजे तेव्हाचे अडीचशे रुपये," तो म्हणाला. रोज ब्रासात वाळू आणि स्क्वेअर फुटात लादी मोजणारा माणूस. "मी तुमच्या बाथरूमचं लीकेज काढून देतो. उलट तुमच्याकडेच येणं निघेल."

चार रात्री जागून मी ओळंबा काढला. एक दोरी, खाली टोकदार वजन, बस्स. शिक्क्यावरही उठेल, टेम्पोवरही दिसेल. त्याने मोबाइल लांब धरून पाहिलं.

"भोवरा?"

"ओळंबा आहे रे!"

"ते कळलं. पण लटकलेलं काही नको. गिऱ्हाईक म्हणेल, हा काम लटकवणार."

त्याला घर हवं होतं. उतरत्या छपराचं, वर धुराडं. त्याची सगळी कामं धायरीत, चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या वन बीएचकेत. तिथे धुराडं काढलं तर ते वरच्यांच्या हॉलमधून बाहेर पडेल. पण "त्याशिवाय घर वाटत नाही." मग सासूबाईंनी दारावर गणपती बसवला. बायको म्हणाली, नळ दाखवा, पण गळता नको. रंगाऱ्याला राग नको म्हणून ब्रश आला. हातोडाही होता, तो सोसायटीच्या सेक्रेटरींच्या धाकाने मीच काढला. एक इंचाच्या रबरी शिक्क्यावर हे सगळं कुटुंब एकत्र आलं तेव्हा चलनावर शाई सांडल्यासारखं दिसलं.

दरम्यान माझं बाथरूम फोडून झालं होतं. फोडण्याचं काम वेळेत झालं, एवढं मान्य करायला हवं. आम्ही आंघोळीला समोरच्या काकूंकडे जात होतो.

फ्लेक्ससाठी मी मूळ फाइल मेल केली. मेव्हण्याने प्रिंटरला दिला तो व्हॉट्सॲपवरचा फोटो, मी नुसता पसंतीला पाठवलेला. तो ताणून १० बाय ३ फुटांचा केल्यावर छपराचे चौकोन चौकोन झाले, गणपतीची सोंड पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरली. मी डोक्याला हात लावला.

"टाइल्सचा इफेक्ट भारी आलाय, दाजी!"

गाळ्यावर फ्लेक्स चढला. मला तो डावीकडे कललेला वाटला. बोललो तर शिडीवरूनच त्याने खिशात हात घातला, दोरी सोडली, एक डोळा मिटला आणि फ्लेक्सच्या कडेला ओळंबा लावला.

"डोळ्यांवर जाऊ नका, दाजी. आपला सगळा धंदा ह्याच्यावर चालतो."