पिवळी वीट, काळा दगड

दादाचा फोन आला की हल्ली विषय एकच: गावच्या महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार. खांबांना ऑइलपेंट, गाभाऱ्यात टाइल्स, सभामंडपात ग्रॅनाइट. वर्गणी जमली, रंगाचे डबेही आले. मी नको म्हटलं तर म्हणाला, "तिकडे बसून बोलायला काय जातं? देवाचं घर असं उघडंवाघडं ठेवायचं का?"

ते डोक्यात घेऊनच रविवारी बिस्पेब्येर्गच्या टेकडीवरच्या ग्रुंटविग चर्चमध्ये गेले. कोपनहेगनला आल्यापासून मी तिथे कितीदा तरी जाऊन बसले आहे. ग्रुंटविग हे 19व्या शतकातले पाद्री आणि कवी. त्यांच्या स्मरणार्थ पेडर विल्हेल्म येन्सेन-क्लिंट यांनी ही वास्तू आखली. पायाभरणी 1921 ची. विटा सुमारे साठ लाख, सगळ्या पिवळ्या. समोरून 49 मीटर उंचीचा ऑर्गनच उभा आहे असं वाटतं, पण माथ्यावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडा डेन्मार्कच्या खेड्यांतल्या चर्चवरून घेतलेल्या.

आत गिलावा नाही, रंग नाही, भिंतींवर चित्रं नाहीत. खांब विटेचे, कमानी विटेच्या, वेदी विटेची आणि प्रवचनाची जागाही विटेचीच. आतल्या विटा हाताने घासून गुळगुळीत केल्या आहेत. खांबावरून तळवा फिरवला की वीट कुठे संपली आणि सांधा कुठे लागला, हे बोटांना कळतं. छत 22 मीटर वर. उंच खिडक्यांतून ऊन आलं की तीच वीट मधासारखी दिसते, ढग आला की राखाडी. दादाच्या भाषेत हे सगळं उघडंवाघडंच. मला मात्र इथे गरिबी दिसत नाही, माणसांनी घेतलेले कष्ट दिसतात.

येन्सेन-क्लिंट 1930 साली गेले. काम त्यांचा मुलगा कोरे यांनी पुढे नेलं आणि 1940 मध्ये चर्च पूर्ण झालं. भोवतीची राहती घरंही त्याच पिवळ्या विटेची आहेत. देवाला आणि शेजाऱ्याला एकच वीट, हे मला फार जवळचं वाटतं. आपला विठोबाही विटेवरच उभा आहे.

दादाचं सगळंच चूक आहे, असं मी म्हणत नाही. गावच्या भट्टीतली मऊ वीट आपल्या पावसात गिलाव्याशिवाय टिकत नाही, तिथे गिलावा हवाच. शिवाय इथल्या राष्ट्रीय चर्चचे सभासद उत्पन्नातून चर्चचा कर भरतात, त्यामुळे डागडुजीसाठी दारोदार फिरावं लागत नाही. आपल्याकडे विश्वस्तांना देणगीदार शोधावा लागतो, आणि देणगीदाराचं नाव नव्या फरशीवर कोरता येतं, जुना दगड नुसता स्वच्छ केला तर कुठे कोरणार? खरं दुखणं हे आहे, दादाची श्रद्धा नव्हे.

पण आमचं देऊळ काळ्या दगडाचं आहे. त्याला पावसाची भीती नाही, भीती आहे ती ऑइलपेंटची. रंगाने दगडाची छिद्रं बुजतात, आतली ओल आतच कोंडते आणि काही वर्षांनी रंगाबरोबर दगडाचाही पापुद्रा सुटतो. पंढरपुरातही 2024 मध्ये विठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या संवर्धनात नंतर बसवलेली फरशी काढून मूळ दगड मोकळा केला. त्यासाठी पदस्पर्श दर्शन बंद ठेवावं लागलं, आणि वारकऱ्यांनी ते सोसलं. तिथे उघड्या दगडाने देवाची शोभा उणावली, असं कोण म्हणेल?

दादाला मी एवढंच सांगितलं: मागच्या वेळी रंगवलेला एक खांब, नंदीच्या उजव्या हाताचा, जाणत्या माणसाकडून साफ करून घे. खर्च मी पाठवते. मग सगळ्यांना बोलावून दोन्ही खांब शेजारीशेजारी दाखव आणि मग काय ते ठरवा. तोवर डबे उघडू नका. तो "बघतो" म्हणाला आहे.