फॉग लाइट कोणी बसवायचे?

भारतातल्या माझ्या बाईकवाल्या मित्रांचा एक वाद काही मिटत नाही: फॉग लाइट, मोबाइल चार्जर, लेगगार्ड स्वतः बसवावेत की गॅरेजला मजुरी द्यावी? एक बाजू म्हणते, पान्यांचा सेट आणि एखादा व्हिडिओ पुरे. दुसरी म्हणते, वायरिंग जळलं तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल, त्यापेक्षा मजुरी देऊन मोकळे व्हा.

मी जर्मनीत राहतो. इथे मजुरी इतकी महाग की भलेभले हाताला ग्रीस लावून घेतात. त्यांच्यासाठी तासाच्या भाड्याने जागा, लिफ्ट आणि हत्यारं देणारी गॅरेजं आहेत. पण दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी होते आणि मान्यता नसलेला लाइट तिथे अडकतो. त्यामुळे घरी बसवणाराही आधी कागद बघतो, मग पाना उचलतो. ही सवय मला फार मोलाची वाटते.

फॉग लाइटचंच घ्या. 20 वॅटचे दोन म्हणजे 40 वॅट. 12 व्होल्टवर साधारण 3.3 अँपिअर. हा भार हेडलाइटच्या वायरवर आणि हॅण्डलवरच्या नाजूक स्विचवर टाकायचा नसतो, त्यासाठी रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिनांवर नंबर असतात: 30 नंबरला बॅटरीचा प्लस, 87 वरून लाइट, 85 आणि 86 ला रिले चालू करणारी कॉइल, म्हणजे स्विचमधून जातो तो फक्त कॉइलचा किरकोळ करंट. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरला कसलंच संरक्षण नसतं. शेवटी हॅण्डल दोन्ही टोकांपर्यंत वळवून वायर ताणली जात नाही ना, ते पाहायचं.

यात अवघड काही नाही, वेळ मात्र लागतो. घाईतलं गॅरेज मूळ वायर सोलतं, पीळ देतं आणि टेप गुंडाळतं. एक पावसाळा गेला की आतलं तांबं हिरवं पडतं. म्हणून वायरिंग शिकून स्वतः करावं, या मताचा मी आहे. लेगगार्डचं तसं नाही. बऱ्याच गाड्यांत तो इंजिनाच्या माउंटिंग बोल्टवर बसतो. बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, नसेल तर आटे जायची भीती, तेव्हा तो गॅरेजमध्येच बसवावा. ब्रेकला हात लागणार असेल तर वादच नको.

आणि भारतात एक सोय आहे जी मला इथे मिळत नाही. इथल्या बहुतेक वर्कशॉपमध्ये ग्राहकाला आत उभं राहू देत नाहीत. तिकडे मेकॅनिकच्या शेजारी बसून काम बघता येतं, विचारता येतं. स्वतः की गॅरेज, असं भांडताना ही तिसरी वाट कोणी मोजतच नाही. मजुरी द्या, पण पॅनेल बंद व्हायच्या आधी फ्यूज कुठे बसवला, रिले कुठे ठेवला, प्लस कुठून घेतला ते विचारा आणि जोडणीचा फोटो काढून ठेवा.