इंजिनं पुष्कळ झाली, आता डबे काढा

पुढचं मॉडेल कुठलं काढायचं असं विचारलं की आपल्या मॉडेल ट्रेनवाल्या मंडळींची उत्तरं ठरलेली असतात. विजेवरचं डब्ल्यूएपी-७ इंजिन काढा, डब्ल्यूएपी-५ काढा, डब्ल्यूएजी-९ काढा, वंदे भारत काढा. वंदे भारतला वेगळं इंजिन नसतं, पण तिचीही मागणी होते ती त्या पुढच्या तोंडासाठीच. मी कुडाळचा, एचओ स्केलवाला, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७ आकाराची मॉडेल ठेवणारा, आणि मला अगदी मनापासून वाटतं की आता काही काळ इंजिनं थांबवा आणि फक्त डबे काढा. त्यातही सगळ्यात आधी आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या पद्धतीचा) निळा जनरल डबा, मग एसएलआर (गार्ड आणि सामानाची जागा असलेला डबा), मग साधा स्लीपर. एसी डबे नंतर बघू.

का ते सांगतो. इंजिन काय, एक घेतलं तरी चालतं. पण गाडी दिसते ती डब्यांनी. आज आपल्याकडे छोट्या प्रमाणावर रेझिनमध्ये, थ्रीडी प्रिंटमध्ये मॉडेल बनवणारे लोक आहेत, मेहनती आहेत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण बहुतेकांचा पहिला विचार इंजिनाचाच असतो कारण फोटो छान येतो आणि बुकिंग पटकन भरतं. मग इंजिन घरी येतं, आणि मागे लावायला काय? मागे लावायला कुठून तरी मिळवलेले जर्मन नाहीतर ब्रिटिश डबे, त्यांना निळा रंग मारायचा, वरून डेकल, म्हणजे नाव-नंबरांचं स्टिकर, चिकटवायचं आणि म्हणायचं ही मांडवी एक्सप्रेस.

आमच्याकडे गणपतीत आराशीत ट्रेन ठेवायची पद्धत आहे, दोन डोंगर, एक बोगदा, खाली भाताची खाचरं, मधून गाडी फिरते. एका वर्षी मी असाच रंगवलेला परदेशी डब्यांचा रेक लावला होता. आरतीला आलेल्या शेजारच्या काकी, ज्यांना स्केल म्हणजे काय हे माहीत असायचं काही कारण नाही, त्या वाकून बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "रे, खिडकेक गज नाय ते? ह्यो डबो आपलो नाय." इंजिनाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचंही तेच, सगळे खिडक्या बघत होते, जनरल कुठे आहे, पँट्री कुठे आहे, आपण बसतो तो डबा कुठला. ज्यांनी आयुष्यभर गाडीने प्रवास केलाय ते गाडी अशीच ओळखतात.

आता तो गज म्हणजे नेमकं काय काम आहे बघा. खऱ्या खिडकीतला आडवा गज दहा-बारा मिलीमीटर जाडीचा धरला तर १:८७ मध्ये तो मिलीमीटरच्या आठव्या हिस्स्याएवढा उरतो, एवढी बारीक गोष्ट साच्यातून ओतून निघत नाही, निघाली तर हात लागताच मोडते. म्हणून बरेच जण गज गाळतात किंवा जाडजूड काढतात आणि मग डबा तुरुंगासारखा दिसतो. यावर उपाय आहे, पितळेच्या पातळ पत्र्यावर एचिंग करून, म्हणजे रसायनाने कोरून, सगळ्या खिडक्यांची एक पट्टी बनवायची आणि आतून चिकटवायची. परदेशात कठडे, जाळ्या, शिड्या वर्षानुवर्षं अशाच करतात, आणि आपल्याकडे एचिंग करून देणारे लोक सापडतात. थोडे पैसे वाढले तर वाढू देत.

आणि फक्त गज नाही. जनरल डब्याच्या टोकाच्या खिडकीवरचे ते तिरके पांढरे पट्टे, ज्यावरून प्लॅटफॉर्मवर गाडी शिरतानाच लोक धावायला लागतात. लाल रंगाची आपत्कालीन खिडकी. एक काचेचं आणि एक पत्र्याच्या झडपांचं अशी दोन शटर, त्यातलं एक अर्ध्यावर अडकलेलं. छपरावरचे गोल व्हेंटिलेटर. डब्याखाली लटकणारे बॅटरीचे खोके, आणि पट्ट्यावर फिरणारा तो डायनॅमो, कारण आयसीएफचा डबा आपली वीज आपणच बनवायचा. बाजूचे बफर आणि मधलं स्क्रू कपलिंग. शेवटच्या डब्यावरचा पिवळा एक्स. हे सगळं नसेल तर ती गाडी नुसती निळी वस्तू आहे. आत बाकं पण हवीत हो, आणि ती गादीची हवीत. आमच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर गादी आणली, ज्या माणसाने कोकण रेल्वेसाठी इतकी वर्षं जीव टाकला त्यांची ती गादी कोकणच्या मॉडेल डब्यात दिसली पाहिजे असं मला वाटतं, मग ती बाहेरून नीट दिसो न दिसो.

घाई का करतोय तेही सांगतो. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने १९५५ पासून हे डबे बनवले आणि जानेवारी २०१८ मध्ये जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा बाहेर काढला. त्यानंतर सगळं एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीचे डबे. मांडवी, कोकणकन्या कधीच एलएचबी झाल्या. जुने आयसीएफ डबे भंगारात जातायत, नाहीतर खिडक्या बंद करून त्यांचे मोटारी वाहून नेणारे एनएमजी डबे होतायत, कुठे कुठे स्टेशनबाहेर हॉटेल करून उभे केलेत. म्हणजे टेप लावून माप घ्यायची, प्रत्येक बोल्टचा फोटो काढायची वेळ आत्ता आहे. एलएचबी कुठे पळून जात नाही, ती अजून खूप वर्षं रोज दारावरून जाणार आहे. वंदे भारतही जाणार आहे. दहा वर्षांनी आयसीएफचं मॉडेल करायला बसलात तर फोटोंवरूनच अंदाज बांधत बसावं लागेल, आणि फोटोत डब्याखालची बाजू कधीच नीट आलेली नसते.

धंद्याच्या दृष्टीनेही माझं म्हणणं चुकीचं नाही. आयसीएफचा सांगाडा सगळ्या डब्यांना जवळपास एकच, लांबी सुमारे २१.३ मीटर, एचओमध्ये साडेचोवीस सेंटीमीटर. छप्पर, अंडरफ्रेम, बोगी (डब्याखालचा चाकांचा गाडा) एकदा केली की बाजूचे पत्रे बदलून जनरल, स्लीपर, एसएलआर, पँट्री सगळं निघतं. तोच डबा विटकरी रंगात काढा, निळ्यात काढा, रेल्वेच्या उत्कृष्ट योजनेच्या नव्या रंगात काढा, आणि सगळ्यात शेवटी खिडक्या बंद करून एनएमजी काढा. एका साच्यावर किती वर्षं काम चालेल बघा. इंजिन एक माणूस एक घेतो, जनरल डबा एक माणूस चार घेतो.

एक विनंती, डबे सुटे विका. अख्खा सेटच घ्या म्हणून अडवू नका. आणि प्रत्येक डब्यावर वेगळा नंबर द्या, चार डब्यांवर एकच नंबर बघितला की फार वाईट वाटतं, नाहीतर नंबरांचा डेकल शीट सोबत द्या, आम्ही लावतो.

इंजिन काढायचंच असेल तर मग अल्को, म्हणजे जुनं डिझेल इंजिन, काढा. डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूडीएम-३ए, डब्ल्यूडीएम-३डी, काहीही. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला आणि २०२२ मध्ये पूर्ण विद्युतीकरण झालं, मधली जवळपास चोवीस वर्षं इथे डिझेलचं राज्य होतं. पावसाळ्यात डोंगर हिरवागार, बोगद्याच्या तोंडातून आधी काळा धूर बाहेर येतो आणि मग इंजिन, हे दृश्य ज्यांनी बघितलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. इंजिनाच्या बाजूवर शेडचं नाव देवनागरीत हवं, कल्याण, पुणे, एर्नाकुलम, तीन पर्याय द्या. लांबी साधारण वीस सेंटीमीटर होते, म्हणजे घट्ट वळणावरसुद्धा धावेल. आवाजाची काळजी नको, अल्कोचं २५१ इंजिन अमेरिकेतही भरपूर चाललं त्यामुळे त्याचा आवाज साउंड डीकोडरमध्ये (मॉडेलमधून आवाज काढणाऱ्या चिपमध्ये) आधीच मिळतो, फक्त हॉर्न आपला भरायचा.

नवीन पोरं म्हणतील की काका आम्ही डिझेल बघितलंच नाही, आम्हाला डब्ल्यूएपी-७ आणि लाल एलएचबी पाहिजे. त्यांचंही खरं आहे, त्यांच्या आठवणी त्याच गाडीच्या असणार. पण त्यांनाही माझं सांगणं तेच, डबे मागा. एलएचबीचा डबा साडेतेवीस मीटरचा, एचओमध्ये सत्तावीस सेंटीमीटर, बोगी पूर्ण वेगळी, डिस्क ब्रेकवाली, बाजूचे बफर नाहीत. आयसीएफची बोगी लावून वर लाल रंग मारला की एलएचबी होत नाही, असले डबे मी विकायला आलेले बघितलेत. आणि २०१७ पासून मुंबई-मडगाव जनशताब्दीला काचेच्या छपराचा विस्टाडोम लागतो, तो तर कोकणवाल्यांचा हक्काचा डबा आहे, कुणीतरी मनावर घ्या.

मालगाडीत मला एकच गोष्ट हवीय, रोरो. १९९९ पासून कोलाड ते वेर्णा ट्रक गाडीवर चढून जातात, ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये बसून प्रवास करतो, एखाद्याची बनियन आरशाला वाळत टाकलेली असते. भारतात ही कल्पना पहिल्यांदा कोकण रेल्वेने चालवून दाखवली. आणि मॉडेल म्हणून याच्याइतकं सोपं काही नाही, सपाट वॅगन, ना खिडकी ना छप्पर. वॅगन तुम्ही द्या, ट्रक आम्ही प्रिंट करून रंगवून घेऊ, मागे "हॉर्न ओके प्लीज" लिहायलासुद्धा लोक तयार आहेत.

गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, वाद घालत बसू नका असं माझं मत आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटर, १:८७ ने भागलं तर १९.२६ येतो आणि एचओचा रूळ १६.५ चा. म्हणजे आपलं मॉडेल नेहमीच थोडं अरुंद रुळावर उभं असणार. शुद्धतावाल्यांचं दुःख मला समजतं, पण वेगळा रूळ, वेगळे सांधे, वेगळी चाकं मागायला गेलो तर पुढच्या पिढीलाही डबा मिळणार नाही.

त्यापेक्षा हवामानाचा विचार करा. इथे जूनपासून भिंतींना ओल येते, खारी हवा वेगळीच. स्टीलचे रूळ एका पावसाळ्यात गंजतात म्हणून आम्ही निकेल सिल्व्हर वापरतो, तरी चाकं दर आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी लागतात. मॉडेलमध्ये साध्या लोखंडी स्क्रूऐवजी स्टेनलेस स्क्रू घाला, डेकलवर लॅकरचा हात द्या, आणि पॅकिंगमध्ये तो स्पंज नको जो दोन वर्षांत चिकट होऊन रंग उपटतो. बनवणारे बहुतेक कोरड्या गावात बसलेले असतात, त्यांना हे सांगितल्याशिवाय कळणार कसं?

परदेशातून मागवा म्हणणाऱ्यांसाठी, खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर, आणि स्केल मॉडेल त्याच वर्गात मोजतात. त्यात कुरियर. आणि इतकं करून मिळणार काय, तर स्वित्झर्लंडचा डबा. म्हणून आपल्याच लोकांनी बनवलेलं हवं, आणि त्यासाठी आपणही वागणं सुधारलं पाहिजे. बुकिंग करून पैसे न भरणारे आपल्यातच आहेत. दुसऱ्या बाजूने, आगाऊ पैसे घेऊन वर्ष-वर्ष उत्तर न देणारेही भेटलेत, मी नाव घेत नाही, पण त्याने सगळ्यांचाच विश्वास उडतो. उशीर होत असेल तर महिन्याला एक फोटो टाका, माणूस थांबतो.

पानवलच्या पुलाचं मॉडेल करायचं माझं स्वप्न आहे, रत्नागिरीजवळचा, ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब. एचओमध्ये उंची कमरेच्याही खाली, जेमतेम ७४ सेंटीमीटर, पण लांबी पावणेपाच मीटरच्या वर जाते. आमच्या पडवीत बसतो, मी मोजून बघितलंय. खांब मी करीन, गर्डर मी करीन, खालची झाडी करीन. त्यावरून जायला सहा डब्यांची पॅसेंजर पुरे आहे, वीस डब्यांची मांडवी मला नकोच, ती एकटीच पूल भरून बाहेर जाईल. दोन एसएलआर आणि चार जनरल, निळे, गजवाले. कुणी बनवायला घेत असेल तर या सहांचे निम्मे पैसे मी आत्ता भरतो, आणि मापं घ्यायला, फोटो काढायला कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, मडगाव जिथे जुना डबा उभा असेल तिथे परवानगी काढून टेप घेऊन मी स्वतः येतो. अजून कोण कोण भरायला तयार आहे, आणि कुठला डबा आधी हवा, ते खाली लिहा, म्हणजे बनवणाऱ्याला आकडा दाखवता येईल.