सही होण्याआधी विचारायचा प्रश्न: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही नाव न देता 'निवृत्त कस्टमवाला' एवढीच ओळख दिलीत, म्हणून साहेब म्हणतो. वंशसंहाराचा आरोप असलेल्या देशाशी व्यापार करार करण्याआधी संसदेने प्रश्न विचारावा, या ब्रिटनच्या २०२१ च्या व्यापार कायद्यातल्या तरतुदीवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया येऊन आठवडा झाला. घाईत दोन ओळी लिहून मोकळं होण्यापेक्षा पुन्हा सगळं वाचून उत्तर द्यावं म्हणून थांबलो.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं. व्यापाराच्या वाटाघाटी हे सरकारचं, गुप्तपणे करायचं काम, खासदारांनी त्यात लुडबूड करू नये. वंशसंहार झाला की नाही हे न्यायालयाने ठरवावं, राजकारण्यांनी नव्हे. हे सगळं पाश्चात्त्यांचं ढोंग आहे, आज चीनवर उगारलेली काठी उद्या आपल्या पाठीत बसेल. आणि शेवटी, व्यापारात नीती आणली की 'धंदा बसतो, अत्याचार थांबत नाही, १९७८ पासून बंदरावर हेच पाहिलं'.

आधी माझी चूक. वंशसंहार करणाऱ्या देशाशी होणारा करार 'रोखण्याचा अधिकार' ब्रिटिश संसदेला मिळाला असं मी लिहिलं होतं. तुम्ही कलम नीट वाचायला सांगितलंत. वाचलं, आणि तुमचं बरोबर आहे. कलम ३ मध्ये रोखण्याचा अधिकार कुठेच नाही. ज्या देशाशी मुक्त व्यापार कराराची बोलणी चालू आहेत तिथे वंशसंहार होत असल्याची विश्वासार्ह माहिती आहे, असा अहवाल कॉमन्सच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहाच्या, संबंधित समितीने द्यायचा. मंत्र्याने त्याला लेखी उत्तर द्यायचं. उत्तराने समितीचं समाधान झालं नाही, तर सभागृहात त्यावर चर्चा घडवायची. बस, एवढंच. तेही फक्त नव्या द्विपक्षीय करारांपुरतं. कराराविना रोज जो माल येतो-जातो त्याला हा कायदा हात लावत नाही.

पण हे कलम इतकं पातळ कसं झालं तेही पाहा, कारण तुमच्या न्यायालयाच्या मुद्द्याचं उत्तर त्यातच आहे. लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य लॉर्ड ऑल्टन यांनी विधेयकाला सुचवलेली मूळ दुरुस्ती तुम्ही म्हणता तशीच होती: निर्णय न्यायालयाने द्यावा. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने प्राथमिक निष्कर्ष काढावा आणि तो वंशसंहाराचा निघाला तर करार रद्द व्हावा. ७ डिसेंबर २०२० ला लॉर्ड्सने ती २८७ विरुद्ध १६१ मतांनी मंजूर केली. सरकारने विरोध केला. हा निर्णय सक्षम न्यायालयाचा आहे हे सरकारचं जुनंच धोरण होतं, पण आपल्याच उच्च न्यायालयाला तो द्यायला सरकार तयार नव्हतं. १९ जानेवारी २०२१ ला कॉमन्समध्ये दुरुस्ती अवघ्या ११ मतांनी पडली. सत्ताधारी पक्षाच्या तीसहून अधिक खासदारांनी पक्षादेश मोडला होता.

लॉर्ड्सने सुधारून ती पुन्हा पाठवली: न्यायालय निष्कर्ष काढेल, पुढे काय करायचं ते संसद ठरवेल. ९ फेब्रुवारीला सरकारने ती दुसऱ्या एका दुरुस्तीला बांधून मतदानाला आणली, त्यामुळे तिच्यावर स्वतंत्र मत देण्याची सोयच उरली नाही. तिसऱ्यांदा लॉर्ड्सने न्यायालयाचा आग्रह सोडला आणि पूर्वी उच्च न्यायिक पद भूषवलेल्या पाच संसद सदस्यांची समिती सुचवली. २२ मार्चला तीही ३१८ विरुद्ध ३०० मतांनी फेटाळली गेली. उरलं ते आजचं कलम ३.

आता तुम्ही म्हणता ते 'योग्य न्यायालय' शोधू या. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उईघुर या मुस्लिम समाजाच्या वंशसंहाराच्या आरोपाचंच प्रकरण घ्या. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा चीन सदस्य नाही. सुरक्षा परिषदेने प्रकरण तिथे पाठवायचं म्हटलं तर चीनकडे नकाराधिकार आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायचं तर १९४८ च्या वंशसंहारविरोधी आंतरराष्ट्रीय कराराचं नववं कलम, ज्यामुळे असे वाद तिथे नेता येतात, चीनने स्वतःपुरतं मान्यच केलेलं नाही. तिन्ही दारं बंद. चीन हे सगळे आरोप फेटाळतो हेही नोंदवतो. पण ते खरे की खोटे हे तपासायला अधिकृत न्यायालयाची पायरीच चढता येत नसेल, तर 'न्यायालय ठरवेल' याचा व्यवहारातला अर्थ 'कोणीच ठरवणार नाही' एवढाच उरतो.

आणि दार उघडं असलं तरी? बोस्नियाने १९९३ मध्ये शेजारच्या युगोस्लाव्हियाविरुद्ध (पुढचा सर्बिया) हेगला वंशसंहाराचा खटला दाखल केला. बोस्नियातल्याच स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले ते जुलै १९९५ मध्ये, म्हणजे खटला चालू असताना. निकाल लागला २६ फेब्रुवारी २००७ ला. त्याच निकालातलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. वंशसंहार रोखण्याचं राष्ट्राचं कर्तव्य तो सिद्ध झाल्यावर सुरू होत नाही. गंभीर धोका आहे हे राष्ट्राला कळतं, किंवा कळायला हवं होतं, त्या क्षणी ते सुरू होतं. हे खुद्द न्यायालयच सांगतंय. शिक्षा देणं न्यायालयाचं काम, पण रोखणं राष्ट्राचं, आणि राष्ट्र म्हणजे नुसतं वाणिज्य मंत्रालय नव्हे.

म्हणून संसदेने निकाल द्यावा असं माझं म्हणणं नाही. सही होण्याआधी विचारावं आणि सरकारला लेखी उत्तर द्यायला लावावं, एवढंच. गुप्ततेची तुमची काळजी रास्त आहे, पण आपल्या संसदेच्या स्थायी समित्यांच्या बैठका बंद दाराआडच होतात. 'त्या देशात काय चाललंय याची तुम्हाला काय माहिती आहे?' हे तिथे विचारल्याने आयात शुल्काची आपली बोली फुटत नाही.

आपल्याकडे 'नरसंहार' शब्द सर्रास वापरतात, मी मुद्दाम 'वंशसंहार' म्हणतो. १९४८ च्या कराराच्या व्याख्येत हत्या हा एकच प्रकार नाही. एखादा समूह नष्ट करण्याच्या हेतूने त्यात मुलं जन्मूच न देणं हाही त्यात येतो. ब्रिटिश वकील सर जेफ्री नाइस यांच्या अध्यक्षतेखालच्या अनौपचारिक लवादाने डिसेंबर २०२१ मध्ये उईघुरांबाबत वंशसंहाराचा निष्कर्ष काढला तो याच मुद्द्यावर, जन्म रोखण्याच्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने मात्र ऑगस्ट २०२२ च्या अहवालात 'मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात' इथपर्यंतच म्हटलं, वंशसंहार हा शब्द वापरला नाही. अशा वेळी दोन्ही अहवाल समोर ठेवून तोलणारी समिती हवी. वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्याला करार पूर्ण करायचा असतो. ते तोलणं त्याच्यावर सोपवणं त्याच्यावरही अन्याय आहे.

हे काम बंदरावर का होत नाही, ते माझ्या धंद्यातून सांगतो. मी इचलकरंजीत सुताच्या खरेदी-विक्रीत आहे. जिनिंगमधून १७० किलोची गाठ येते तेव्हा तिच्यावर मार्का असतो, नंबर असतो. कुठल्या गावचा कापूस ते विचारलं तर सांगता येतं. गिरणीत गाठी फोडून मिक्सिंगला लागल्या की संपलं. दहा ठिकाणचा कापूस एकमेकांत जातो. त्याच्या सुताचा कोन (गुंडाळी) माझ्या टेबलावर येतो तेव्हा मी काउंट, म्हणजे सुताची जाडी, सांगू शकतो, ताकद तपासून घेऊ शकतो, पण धाग्याचा गाव सांगू शकत नाही. कापड झालं, शर्ट झाला, की लेबलवर शिवणाऱ्या देशाचं नाव येतं. जगातल्या कापसाचा सुमारे पाचवा हिस्सा शिनजियांगचा. तो कुठल्या शर्टात आहे हे तुमच्या खात्यातला सर्वांत हुशार माणूसही नुसतं पाहून सांगू शकला नसता. म्हणून तर अमेरिकेने जून २०२२ पासून उलटी बाजू धरली: शिनजियांगचा माल सक्तीच्या मजुरीचा नाही हे आयातदाराने सिद्ध करायचं. करार करून शुल्काच्या सवलतीचं दार एकदा उघडलं की मागून शोधत बसणं किती अवघड असतं हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

ढोंगाचा आरोप मला अर्धा मान्य आहे. युरोपीय संसदेने मे २०२१ मध्ये चीनबरोबरचा गुंतवणूक करार ५९९ मतांनी गोठवला, पण तसं करायला तिला भाग पाडलं ते चीनने तिच्याच सदस्यांवर घातलेल्या निर्बंधांनी. हे मी लेखात लिहायला हवं होतं. पण नियम दुबळा किंवा निवडक वापरला जातो यावर उपाय तो सगळ्यांना सारखा लावणं हा आहे, आणि 'सगळ्यांत' आपण येतोच.

आपल्याकडचं चित्र पाहा. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनने व्यापार करारावर सह्या केल्या. कागद एकच. ब्रिटनमध्ये तो मंजुरीआधी २१ कामकाजाचे दिवस संसदेपुढे ठेवणं २०१० च्या कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे तसा कायदाच नाही. संघ सूचीतली १४ वी नोंद आंतरराष्ट्रीय करारांवर कायदा करण्याचा अधिकार संसदेला देते. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्या. वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये तसा कायदा करायची शिफारसही केली. तो आजवर झालेला नाही. रोहिंग्यांवरून म्यानमारविरुद्ध हेगला नोव्हेंबर २०१९ पासून खटला आहे, आणि आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाबरोबरच्या आपल्या व्यापार करारात म्यानमार आहे. इस्रायलविरुद्ध दक्षिण आफ्रिकेचा खटला डिसेंबर २०२३ पासून आहे, इस्रायल आरोप नाकारतो, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपण इस्रायलबरोबर गुंतवणूक करार केला. या करारांच्या बाजूने तुमचं मत असेल, असू द्या. पण सही करण्याआधी त्या खटल्याबद्दल सरकारने संसदेला काही सांगावं असं कोणतंही बंधन आपल्याकडे नाही. मला टोचतं ते हे. १९४६ मध्ये क्यूबा आणि पनामाबरोबर वंशसंहाराचा विषय संयुक्त राष्ट्रांपुढे आणणारा देश आपलाच होता. १९५९ मध्ये आपण १९४८ चा तो वंशसंहारविरोधी करारही मंजूर केला. तो देशात लागू करणारा कायदा मात्र अजून केलेला नाही.

राहिलं तुमचं १९७८ चं वाक्य. साहेब, वंशद्वेषी धोरणावरून भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला तो १९४६ मध्ये, इतर कुणीही तोडण्याच्या आधी. तो वंशसंहार नव्हता, वर्णभेद होता, हा फरक मी पुसत नाही. पण त्या वेळी आपल्या निर्यातीचा सुमारे पाच टक्के वाटा त्या एका देशात जात होता, आणि देश गरीब होता. ती बंदी १९९३ पर्यंत टिकली. म्हणजे तुमच्या नोकरीची पहिली पंधरा वर्षं तुम्ही स्वतः ती राबवत होतात. तुमच्या पिढीच्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका वगळल्याचा शिक्का असायचा, माझ्या वडिलांच्या पासपोर्टवर मी तो पाहिलाय. एकट्या आपल्या बंदीने वर्णभेद संपला नाही, हे खरंच. पण ती पाश्चात्त्यांची नक्कल नव्हती, आणि त्यात गेलेल्या व्यापाराबद्दल इथे कुणी पश्चात्ताप केल्याचं मी ऐकलेलं नाही.

मूळ लेखातलं 'रोखण्याचा अधिकार' हे वाक्य आज दुरुस्त केलंय, खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. एक विनंती आहे. ती बंदी प्रत्यक्षात कशी पाळली जायची, तिसऱ्या देशाचं नाव लावून माल यायचा का, कागदात तो कसा पकडायचा, हे लिहिलेलं मला कुठेच सापडत नाही. तुम्हाला आठवत असेल तर सविस्तर लिहा. तुमच्याशी मतभेद असला तरी ते मी जसंच्या तसं छापीन.