कात्री हंतारानला लावा, पंगतीला नको

मलेशियात शाह आलमला येऊन मला नऊ वर्षं झाली. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मलय समाजातला मुलगा मला 'काक' म्हणतो, म्हणजे ताई. त्याचा पगार २,८०० रिंगिट. पगार झाला की त्याच दिवशी ६०० रिंगिट वेगळ्या खात्यात टाकतो, आणि रात्री मोटरसायकलवरून लोकांच्या घरी जेवणाचे डबे पोचवतो. लग्नासाठी. अडीच वर्षं चाललंय हे. परवा त्याने फोनवर आकडा दाखवला, १८,०००. फार कौतुक वाटलं. मग त्याने खर्च सांगितला आणि माझ्या पोटात गोळा आला.

मलय लोक मुसलमान; त्यांच्या लग्नात मुलाने मुलीला दोन रकमा द्यायच्या असतात. एक 'मास काहविन', म्हणजे मेहेर. तो धर्माने सांगितलेला. किमान किती हे बहुतेक राज्यं ठरवतात: आमच्या सेलांगोरमध्ये ३०० रिंगिट, जोहोरमध्ये तर साडेबावीस! (एक रिंगिट म्हणजे साधारण वीस रुपये धरा.) दुसरी 'हंतारान'. ती धर्मात कुठे सांगितलेली नाही, नुसती रीत. पण ती १०-१५ हजारांवर सहज जाते, आणि मुलगी जास्त शिकलेली असेल तर आकडा वाढवून मागणारी घरंही आहेत. याच्याकडे १५,००० मागितले. दोन्हीकडची मोठी माणसं बसली, बोलणी झाली, १२,००० वर ठरलं.

मुलीचे आईवडील हे पैसे खिशात घालतात असं मुळीच नाही. बरेचदा ते मुलीकडच्या जेवणावळीतच जातात. पण मुलाकडचं जेवण वेगळं असतं. अंगठी वेगळी. नवरा-नवरीला राजा-राणीसारखं बसवायचं ते 'पेलामिन', त्याची सजावट वेगळी. केटररने ८०० माणसांचे, माणशी २० रिंगिटने, १६,००० सांगितले. याच्याकडे हंतारान देऊन उरणार सहा हजार. घरचे म्हणतात, पर्सनल लोन घे, सगळेच घेतात.

मी त्याला म्हटलं, बाबा रे, हे तेवढं करू नकोस. माझ्या ताईच्या लग्नाला बाबांनी पतपेढीचं कर्ज काढलं होतं. ताईचा मुलगा शाळेत जायला लागला तरी हप्ते सुरूच. हप्त्याच्या दिवशी बाबा जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत, ते ताट अजून डोळ्यासमोर येतं. आपल्याकडे मुलीचा बाप वाकतो, इथे पंचविशीतला मुलगा.

ऑफिसातले बाकीचे त्याला सल्ला देतात, माणसं कमी बोलाव. मला हे अजिबात पटत नाही. गेल्या वर्षी पेराकमधल्या एका खेड्यात लग्नाला गेले होते, आदल्या दिवशीच. तिथे अजून 'रेवांग' होतं. अख्खी वाडी कामाला येते. बायका चटया टाकून कांदे सोलत होत्या, डोळे पुसत, हसत. 'कावाह' म्हणजे आपली लग्नातली मोठी कढई, ती चुलाणावर चढवलेली, आणि दोन पुरुष वल्ह्याएवढ्या लाकडी पळीने रेंदांग, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेलं मसालेदार मांस, ढवळत होते. एक दमला की दुसरा पळी घ्यायचा. मला आमच्या गावची भावकी आठवली. दुसऱ्या दिवशी निघताना पाहुणे यजमानाशी हात मिळवत होते आणि तळहातातली घडी केलेली नोट त्याच्या हातात जात होती. याला 'सालाम काउत' म्हणतात. किती दिले ते दोघांनाच ठाऊक. पाहुण्यांच्या हातात 'बुंगा तेलूर', फुलाच्या काडीला बांधलेलं उकडलेलं अंडं.

हे जेवण कधीच महाग नव्हतं. शहरात हॉल आला, पॅकेज आलं, वाडीचे हात गेले आणि त्या हातांची किंमत माणशी २० रिंगिट झाली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: कमी करायचं तर हंतारान कमी करा, फुलांचं पेलामिन कमी करा. शेजारीपाजाऱ्यांचं ताट काढून घेऊ नका. आणि मुलीकडच्यांनो, जो मुलगा अडीच वर्षं रात्री डबे पोचवतोय, त्याची लायकी अजून कशाने मोजायची आहे?

काल तो सांगत आला, मुलीनेच घरी विषय काढलाय, हंतारान आठ हजारांवर आणायचं बोलणं चाललंय. आणि त्याच्या काकांनी जेवण गावी करायचं ठरवलंय, डिसेंबरच्या शाळेच्या सुट्टीत. कावाह मशिदीतून मिळणार आहे. मला विचारत होता, "काक, कांदे सोलायला याल?"

दोन दिवसांची रजा टाकली आहे.